झाकणावरचा डाग

ऑफिसात त्याला सगळे टक्के म्हणायचे. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. कुणी नुसतं म्हटलं, "अरे, तो लाल जरा उतरव," की हा लगेच विचारणार, "किती टक्के?" कुणी म्हणालं हिरवा अंगावर येतोय, की पुन्हा तेच, "किती टक्के कमी करू?" छपाईतले बहुतेक रंग चार शायांच्या मिसळीतून होतात आणि कुठली शाई किती, ते टक्क्यांत लिहिलेलं असतं, हे त्या ऑफिसात प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बाकीचे रंगाकडे बघून काम करायचे आणि हा आकड्याकडे बघून. लोकांना वाटायचं, काय काटेकोर माणूस आहे! बाई, म्हणजे त्या डिझाइन स्टुडिओच्या मालकीणबाई, नव्या लोकांना सांगायच्या, शिकायचं असेल तर टक्केकडून शिका. आणि बाईंनी असं कौतुक केलं की टक्के घाईघाईने विषय बदलायचा.

कारण खरी गोष्ट अशी होती की टक्केला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. जन्मापासून नाही. दोन्ही त्याला एकाच मातकट घराण्यातले वाटायचे, एखादा थोडा काळपट, एखादा थोडा फिका, इतकंच. निळा दिसायचा, पिवळा झकास दिसायचा. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाने या धंद्यात पडावंच कशाला? जगात कामं काय थोडी आहेत? पण माणूस धंदा डोळ्यांनी थोडाच निवडतो. ह्याला अक्षरांचं वेड होतं. शाळेत असताना दुकानांच्या पाट्यांपुढे हा तोंड उघडं टाकून उभा राहायचा आणि मागून ताई त्याला ओढून न्यायची. एखाद्या अक्षराचं पोट किती फुगवायचं, दोन ओळींत किती हवा सोडायची, मोठ्या कोऱ्या जागेत एक छोटी ओळ नेमकी कुठे ठेवली की ती बोलायला लागते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. काळ्या-पांढऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण नुसत्या काळ्या-पांढऱ्यावर पगार कोण देतो?

हे गुपित सगळ्या जगात एका ताईला माहीत होतं. लहानपणी वर्गात त्याने झाड काढलं होतं, हिरवं खोड आणि तपकिरी पानं. मास्तरांनी ते चित्र फळ्याला टाचलं आणि वर्ग पोट धरधरून हसला. कुणी विचारायचं, "हे काय रे, उलटं झाड?" आणि पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या नाकापुढे काहीतरी धरून एकच प्रश्न विचारायची, हा रंग कोणता? तो अंदाजाने सांगायचा आणि हशा पिकायचा. त्या प्रश्नाची धास्ती त्याच्या हाडात जाऊन बसली ती कायमचीच. घरी आल्यावर ताईने त्याच्या खडूंच्या कागदांवर पेनाने नावं लिहून दिली आणि एकेका खडूवर त्याचं बोट टेकवून म्हणाली, हा लाल, हा हिरवा, पाठ कर. त्याने पाठ केलं. सगळं आयुष्य त्या पाठांतरावरच चाललं म्हणा ना.

कॉम्प्युटरवर सोपं होतं. रंगावर बाण नेला की शेजारी चारही शायांचे आकडे दिसायचे आणि आकडे बघून हा ओळखायचा की हा बुवा लाल, हा हिरवा. शर्ट फक्त पांढरे, काळे आणि निळे घ्यायचे. ऑफिसातले म्हणायचे, कलाकार माणूस आहे, साधी राहणी. कसली साधी राहणी! एकदा खरेदीत फसगत होऊन गुलाबी शर्ट घालून गेला होता आणि दिवसभर लोक का हसतायत ते कळेना, तेव्हापासूनचा तो बंदोबस्त होता. प्रत्येक मोठं काम हातावेगळं करण्याआधी त्याची एक प्रत घरी न्यायची आणि ताईपुढे ठेवायची, हाही त्यातलाच भाग. ताई कपडे दुरुस्तीचं काम करायची. कापडाला जुळणारा दोरा निवडण्यात तिचा डोळा चुकत नसे. ती चित्राकडे बघून म्हणायची, या बाईचे ओठ हिरवट झालेत रे छोट्या, की हा दुसऱ्या दिवशी आकडे बदलायचा.

फक्त एका ठिकाणी आकडे उपयोगाचे नव्हते, आणि ते म्हणजे छापखाना. तिथे मशीनपुढे उभं राहायचं, ओला कागद हातात घ्यायचा आणि डोळ्यांनी बघून सांगायचं की रंग बरोबर आला. मग त्या कागदावर "पास" लिहून सही करायची. हे काम टक्केने नोकरी लागल्यापासून शिताफीने टाळलं होतं. छापखान्यात जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायचं. बाईंची खात्रीच पटली होती की याला पोटाचा जुना विकार आहे. त्या त्याला गरम पाणी प्यायला सांगायच्या. त्याच्याऐवजी शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला जायचा, कारण त्याला तिथला चहा आवडायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ते औषधाचं काम आलं.

तापावरचं औषध होतं. एकाच औषधाचे दोन खोके, एक मोठ्यांसाठी, त्यात औषधाची ताकद जास्त, आणि एक लहान मुलांसाठी. दोन्ही दिसायला जुळे, फक्त मधला रुंद पट्टा वेगळ्या रंगाचा. टक्केने मोठ्यांना गडद निळा दिला आणि लहानांना पिवळा. बाईंना वाटलं काय छान निवड आहे, आणि ती छान होतीच, पण तो निवडणार दुसरं काय? औषध कंपनीने पास केलं, नमुने छापून झाले, प्लेटा तयार झाल्या. त्या पट्ट्याची प्लेट वेगळी असते. तो चार शायांतून न काढता एकाच खास कालवलेल्या शाईत छापतात.

ज्या दिवशी छपाई, त्या दिवशी सकाळी कंपनीच्या मॅनेजरांचा फोन आला. त्यांच्या साहेबांनी ऐनवेळी फिरवलं होतं. दुकानदार आणि आईबाप वर्षानुवर्षं जुन्या खोक्यांना सरावलेत, मोठ्यांचं लाल, लहानांचं हिरवं, तेच ठेवा. प्लेटा बदलायची गरज नव्हती, नुसती शाई बदलायची होती. जुन्या कामातले शाईचे डबे छापखान्याच्या फळीवर पडलेलेच होते. बाईंनी प्रेसमालकाला फोनवर सांगितलं. त्याने मशीनवर द्यायच्या कामाच्या कार्डावरचं निळा-पिवळा खोडलं आणि वर "जुने रंग" एवढंच लिहिलं. आणि दाढीवाला त्या दिवशी रजेवर, कारण आदल्याच दिवशी तो बाप झाला होता.

"टक्के, आज तुलाच जावं लागेल," बाई म्हणाल्या. टक्केने पोटावर हात ठेवला. बाईंनी टेबलाच्या खणातून गोळी काढून दिली.

छापखान्यात शिरताना तो मनाशी घोकत होता, मोठ्यांचा लाल, लहानांचा हिरवा. यात घाबरण्यासारखं काय आहे? तोंडाने सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिथे तोंडाचं काम नव्हतंच. सगळी मशीनं चालू, तो नुसता खडखडाट, आणि शेजारच्या माणसाला कानात ओरडून सांगितलं तरी ऐकू जाईना. तिथली माणसं सगळं हातांनी बोलायची. कागद संपला, शाई वाढव, जेवायला चल, सगळ्याला खुणा. मशीनमन नुकताच त्या छापखान्यात लागलेला, रुंद खांद्यांचा, कानात कापसाचे बोळे घातलेला. त्याला जुने रंग कुठले, ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने टक्केला पाहून मान लववली, एका हातात लहान मुलांच्या खोक्याचा कागद धरला आणि दुसऱ्या हाताने फळीवरच्या दोन डब्यांकडे दाखवून भुवया उंचावल्या. यातला कुठला?

टक्के ओरडला, "हिरवा!" मशीनमनने कानाला हात लावून मान हलवली आणि पुन्हा डब्यांकडे दाखवलं.

डब्यांवर आकडे नव्हते. कालवलेल्या शाईच्या डब्यावर नाव लिहीत बसत नाहीत, झाकणावर त्याच शाईचा एक डाग लावून ठेवतात. बघणाऱ्याला कळतं. टक्केला दोन मातकट डाग दिसले. खिशात पेन होतं, चिठ्ठीही लिहिता आली असती. पण शाईचा डबा समोर असताना कुठला डिझायनर चिठ्ठीवर "हिरवा" लिहून देईल? तो मशीनमन काय म्हणेल? प्रेसमालक काचेमागून बघतोय, त्याला काय वाटेल? शाळेतली ती सगळी पोरं तिथे येऊन उभी राहिल्यासारखी वाटली त्याला. मग त्याने आपला नेहमीचा ठोकताळा लावला. लाल त्याला जरा काळपट दिसायचा. डावीकडच्या झाकणावरचा डाग जास्त काळपट होता, म्हणजे तो लाल. म्हणजे उजवा हिरवा. त्याने उजव्या डब्याकडे बोट केलं.

डावा डाग काळपट होता, कारण तो जुना होता आणि त्याच्यावर धूळ बसली होती. पण हे त्याला कोण सांगणार?

पहिला कागद बाहेर आला. त्याने भिंगातून अक्षरांच्या कडा पाहिल्या, चारही शाया एकमेकींवर नीट बसल्यात का पाहिलं, हे सगळं त्याला उत्तम येत होतं. रंगाकडे नुसतीच नजर टाकली, जरा मान तिरपी केली, जाणकार करतात तशी, आणि सही ठोकली. दुपारी मोठ्यांच्या खोक्याचा कागद निघाला, त्याच्यावरही सही केली. मशीनमनने अंगठा वर केला. टक्के बाहेर आला आणि मनात म्हणाला, सुटलो.

संध्याकाळी त्याने दोन्ही कागद ताईच्या कापडाच्या टेबलावर पसरले. ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने कागदांवर नजर टाकून मान डोलावली, म्हणजे सुबक झालंय. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, यातला लाल कुठला? ताईने एका कागदावर बोट ठेवलं. बोटाखाली लिहिलं होतं, लहान मुलांसाठी.

"नीट बघ," तो म्हणाला.

ताईने टाचण्या काढून ठेवल्या. "लाल म्हणजे लाल. काय झालं रे?"

खोक्यावरची अक्षरं बरोबर होती, सगळी जागच्या जागी होती, पण घाईत अक्षरं वाचतो कोण? तापाने फणफणलेलं पोर घरी टाकून धावत आलेला बाप म्हणेल, ते हिरवं खोकं द्या. दुकानदार मागे वळून न बघता हिरवं काढून देईल. आणि हिरव्यात आता मोठ्यांचं औषध. टक्केला ते पोर दिसायलाच लागलं. सकाळी माल कंपनीकडे निघणार होता.

त्याने बाईंना फोन लावला. बोबडी वळलेली, तरी एवढं म्हणाला की पट्टे उलटे छापले गेलेत, माल थांबवा. बाईंनी क्षणभरही वेळ न घालवता प्रेसमालकाला दुसऱ्या फोनवरून गाठलं आणि माल थांबवला. ते एक बरं झालं. मग त्यांनी विचारलं, पण उलटे झालेच कसे? टक्के त त प प करायला लागला. बाईच म्हणाल्या, "तो नवा मशीनमन. त्याने डबे बदलले असणार. उद्या सकाळी छापखान्यात ये, बघतेच त्याच्याकडे." टक्के हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने फोन ठेवला.

ताई तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पोरांवरचं टळलं," तो म्हणाला.

"टळलं," ताई म्हणाली. "आणि त्या माणसावरचं?"

तो चिडला. त्याने ताईला ऐकवलं की तुला काय जातंय बोलायला, तुझे दोन्ही डोळे धड आहेत. रंग न दिसणारा डिझायनर म्हणजे काय ते कळतं का तुला? उद्या हे बाहेर पडलं तर बाई एक दिवस ठेवणार नाहीत, या शहरातला दुसरा कुणी दारात उभं करणार नाही, आणि अक्षरांपलीकडे मला दुसरं काही येत नाही. ताईने वाद घातला नाही. तिने दोन्ही कागदांची नीट गुंडाळी करून त्याच्या पिशवीपाशी ठेवली आणि पानं वाढायला गेली.

सकाळी तो जीव मुठीत धरून छापखान्यात गेला. मशीनं बंद होती. कालच्या खडखडाटानंतर तिथे नुसती शांतता होती, आपल्याच बुटांचा आवाज त्याला नकोसा झाला. प्रेसमालक तावातावाने बोलत होता. अशा आंधळ्या माणसाला मशीनवर ठेवून मी धंदा बुडवून घेऊ का, आजच्या आज हिशेब करून टाकतो, वगैरे. आंधळा हा शब्द त्याने दोनदा वापरला. मशीनमन खाली मान घालून नव्हता, चांगला ताठ उभा होता. त्याने एवढंच सांगितलं की डबा या साहेबांनी दाखवला आणि कागदावर सहीही यांचीच आहे.

"टक्के असं करणं शक्य नाही," बाई म्हणाल्या. "एका टक्क्याचा फरक तो सोडत नाही." आणि त्यांनी टक्केकडे पाहिलं, की आता बोल आणि संपव हे.

एक वाक्य पुरे होतं. मी डावा दाखवला, याने उजवा घेतला. कुणी खोटं म्हणणार नव्हतं, मशीनमनला इथे लागून महिना झाला नव्हता आणि टक्केचा शब्द म्हणजे बाईंना प्रमाण. ते वाक्य अगदी ओठांवर येऊन बसलं होतं. त्याने मशीनमनकडे पाहिलं. त्याच्या कानात आज बोळे नव्हते, आणि तो लक्ष देऊन ऐकत होता.

"डबा मीच दाखवला," टक्के म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की प्रेसमालक काय म्हणून पुढे वाकला. "मीच दाखवला, बाई. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. कधीच आलं नाही."

बाईंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. त्या फळीपाशी गेल्या, दोन्ही डबे आणून टेबलावर ठेवले, झाकणं काढली आणि एका डब्यावर बोट टेकवून विचारलं, "हा रंग कोणता?"

तोच प्रश्न. आजवर त्याने त्याला काही ना काही उत्तर फेकलं होतं, लागलं तर लागलं. आजही जीभ सवयीने वळवळली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बाईंनी डब्यावरचं बोट मागे घेतलं. गरम पाणी, गोळ्या, पोटदुखी, सगळं त्यांच्या डोक्यात जुळत असावं. मग त्या प्रेसमालकाला म्हणाल्या, "तुमच्या माणसाची चूक नाही. माझ्या माणसाची आहे. पुन्हा छापा, ते माझ्याकडे लागलं." आणि टक्केकडे न बघता म्हणाल्या, "ते निळं-पिवळं कंपनीला मी परत दाखवणार आहे. औषधाच्या दुकानांतही तुझ्यासारखे असतीलच ना कुणी. तू यायचंस बरोबर आणि तूच सांगायचंस." त्या रागावल्या होत्या, आवाजात स्पष्ट होतं, आणि तो राग लवकर उतरेल असं टक्केला वाटलं नाही. पण माझा माणूस म्हणाल्या होत्या. त्या फोन लावायला बाहेर गेल्या, प्रेसमालकही त्यांच्या मागे गेला.

टक्के तिथेच उभा राहिला. आता मशीनमन काय म्हणेल, ही एकच भीती उरली होती, आणि ती सगळ्यात मोठी होती. मशीनमन जवळ आला. त्याचा आवाज टक्केने आज पहिल्यांदाच ऐकला होता.

"साहेब, हातांनीच तर बोलत होतो आपण. नाही कळत म्हणून नुसती मान हलवली असतीत तरी मी मशीन थांबवून विचारलं असतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मग त्याने टक्केचा हात धरला, एक बोट एका डब्यातल्या शाईत टेकवलं आणि म्हणाला, "हा लाल." मग शेजारचं बोट दुसऱ्या डब्यात टेकवलं. "हा हिरवा. दिसतंय का काही?"

टक्केने आपली दोन बोटं डोळ्यांजवळ नेली, खिडकीकडे वळून उजेडात धरली, आणि बराच वेळ बघत राहिला.

"सारखीच दिसतात," तो म्हणाला.